कडू पाण्याची वही

मिठागराच्या फाटकाशी रोज संध्याकाळी माझी आई लुगडं झाडायची.

मुनीम खुर्चीत बसलेला असे. पुढ्यात पाण्याचं घमेलं. दिवसभर डोक्यावरून मीठ वाहिलेल्या बायका एकामागून एक त्याच्यासमोर यायच्या, पदर झाडायच्या, ओटी उलटी करून दाखवायच्या आणि घमेल्यात पाय धुवून मगच बाहेर पडायच्या. पायाला चिकटून मीठ घरी जाता कामा नये. मिठावर सरकारचा कर होता तोवर या झाडतीला निदान कारण तरी होतं. खात्याचा शिपाई उभा असे. स्वातंत्र्याच्या वर्षी कर गेला. शिपाई गेला. झाडती राहिली. मिठागराच्या मालकाला, शेठला, सवय झाली होती. खरं बोलायचं तर आम्हालाही झाली होती.

मी तेव्हा सातेक वर्षांचा. आईच्या टाचा फुटून भेगा पडलेल्या. त्यांत मीठ गेलं की ती खालचा ओठ दातात धरायची. एके दिवशी तिनं घाईत पाय धुतले. मुनीम म्हणाला, "ए, त्या भेगांतलं काढ आधी. एकेका भेगेत पावशेर नेशील."

रांगेतल्या बायका हसल्या. आईपण हसली. मग खाली बसून तिनं काडीनं भेगा कोरल्या. मी तिच्याजवळच उभा होतो. मी हसलो नाही. पण बोललोही नाही.

घरात लागणारं मीठ आम्ही वाण्याकडून आणत होतो. वाचणाऱ्याला खोटं वाटेल, पण तसंच होतं.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. दिवाळीनंतर मिठागर, पावसाळ्यात दुसऱ्याच्या खारशेतात भात. जमीन नावावर नाही, मिठागर नावावर नाही. बा मात्र मिठागरावरचा सगळ्यात जुना जाणता. भरतीचं पाणी कधी घ्यायचं, एका तळ्यातून दुसऱ्यात कधी सोडायचं, मीठ धरलं की नाही, हे त्याला विचारूनच चालायचं. त्याला मान होता. फक्त तो बांधापुरता होता. बांध उतरला की तोही घमेल्यात पाय धुवायचा.

मी शिकलो. कसा शिकलो ते लांबवत नाही. पेणच्या हायस्कुलात वसतिगृहात राहिलो, पुढं रेवसहून लाँचनं मुंबईला गेलो, मामाच्या खोलीत पथारी टाकली आणि रसायनशास्त्र घेतलं. गावातनं कॉलेजात गेलेला मी पहिला. रसायनच का, असं लोक विचारायचे. आमचा अख्खा गाव रसायनातच उभा होता, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नव्हतं.

मामा गिरणीत सायझिंग खात्यात होता. तिथं सुताला कांजी देतात. एकदा मे महिन्याच्या सुटीत तो गावी आला तो मेणकापडात बांधून एक ढेकूळ घेऊन आला. पांढरं, तुरटीसारखं. मला म्हणाला, "तू सायन्सवाला ना? सांग बघू काय हे. कांजीत घालतात. सूत कोरडं पडून तुटत नाय. पन उघडं ठेवलं की आपोआप पानी सुटतं याला."

मी हातात घेऊन शिकलेलं आठवू लागलो. तेवढ्यात आईनं बोट लावलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

"याला काय सायन्स पायजे? ये आपलं मेलेलं पानी हाय, सुकवलेलं."

मेलेलं पाणी म्हणजे मीठ काढून घेतल्यावर तळ्यात शेवटी उरतं ते. कडूजहर. तेलासारखं बुळबुळीत. ते राहिलं तर पुढचं मीठ कडू होतं, म्हणून ओहोटी बघून ते खाडीत सोडून द्यायचं. आजोबांपासून हेच चाललेलं. कॉलेजातल्या पुस्तकात त्याला मॅग्नेशियम क्लोराईड म्हणतात. पुस्तक मी दोन वर्षं वाचत होतो. मेलेलं पाणी जन्मापासून बघत होतो. दोन्ही एकच, हे माझ्या आईच्या जिभेला आधी कळलं.

म्हणजे जे गिरणीला हवं होतं, ते आम्ही दर हंगामात खाडीत ओतत होतो.

त्या दिवसापासून मला वेड लागलं. शंभर पानी वही आणली. हंगामात सुटी मिळाली की बांधावर जायचो, निरनिराळ्या तळ्यांतलं पाणी मडक्यांत भरायचो, उन्हात आटवायचो, चुलीवर आटवायचो, थंडीत उघड्यावर ठेवायचो. पौषातल्या पहाटे मडक्याच्या तळाशी काचेच्या सुयांसारखे खडे धरलेले दिसले तेव्हा मी बांधावरून ओरडत घरी गेलो. ते जुलाबाचं मीठ होतं. ते काढून उरलेलं पाणी आटवलं की मामाच्या गिरणीतलं ढेकूळ. सगळं वहीत लिहिलं. किती लाकूड, किती वेळ, किती निघालं. कढई कशी हवी त्याचं चित्र काढलं.

पण एका गोष्टीवर अडलो. कॉलेजातून मी पाण्याचा दाटपणा मोजायची काचेची नळी मागून आणली होती. ती पाण्यात तरंगते आणि आकडा दाखवते. दोन तळ्यांत आकडा एकच आला. एका पाण्यातून माझं रसायन निघालं. दुसऱ्यातून नुसतं मीठ. मला उलगडेना.

बा लांबून बघत होता. जवळ आला. दोन्ही पाण्यांचे थेंब माझ्या दोन मनगटांवर टाकले.

"उनात धर."

धरले. थोड्या वेळानं एका मनगटावर पांढरा डाग उरला. दुसरं ओलंच.

"सुकला तो मिठाचा. सुकत नाय तो मेलेला. बांधाला कुटं भोक असंल तर भरतीचं पानी आत येतं. मेलेलं पानी पातल होतं. तुजी नली मंग फसनारच. कातडं फसत नाय."

मी ते जसंच्या तसं वहीत लिहिलं. वर लिहिलं: बांची परीक्षा. मला त्या पानाचा सगळ्यात जास्त अभिमान होता.

आता सरांविषयी.

सर आम्हाला रसायन शिकवायचे. खादी घालायचे. वर्गात म्हणायचे, देश उभा करायचा तर खेड्यातल्या मुलांनी प्रयोगशाळेत आलं पाहिजे. हे बोलताना माझ्याकडे बघायचे. मी वही त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी उभं राहून माझ्या खांद्यावर हात ठेवला. कॉलेजात तोवर कोणी माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. म्हणाले, "अरे, हा तर कारखाना आहे. तू कारखाना घेऊन फिरतोयस वहीत." भांडवलवाल्यांपुढं मांडायचं तर भाषा नीट हवी, टाइप करून घेऊ, म्हणाले. वही ठेवून घेतली.

मी दिली. मागायची वेळ येईल असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

पुढं ते पुतण्याला घेऊन मिठागर बघायला आले. आमच्यात एक रीत आहे. हंगामात बांधावर कोणीही आला आणि त्यानं पाण्याचं विचारलं तर लपवायचं नाही. पाणी दरियाचं, ते सांगायला ना कसली? बानं त्यांना तळ्यामागून तळं दाखवलं. कुठला बांध गळतो, कुठं पाणी कधी मरतं, सगळं सांगितलं. सरांच्या मनगटावर थेंब टाकायला गेला तर त्यांनी हात मागं घेतला आणि हसले. "छान, छान. अनुभव आहे हं तुमचा."

आईनं चहा ठेवला होता. सर म्हणाले, मी चहा घेत नाही. परत जाताना मुनिमाच्या ओट्यावर त्यांनी दोन कप घेतले. मी ते पाहिलं. मनाला समजावलं, तहान नंतर लागली असेल. माणसावर विश्वास टाकला की डोळ्यांना खोटं पाडायला आपण किती तयार असतो!

शेवटच्या वर्षाला असताना सरांनी सांगितलं, शेठ ऐकायला तयार आहेत. अलिबागला त्यांचा समुद्राकडचा बंगला होता. तिथं सभा. गिरणीवाले दोघं येणार, एक बँकवाले येणार. मी मामाचा कोट घातला. मडक्यातलं पाणी, खडे, ढेपा, सगळं बाटल्यांत भरून नेलं. रस्ताभर तोंडातल्या तोंडात भाषण घोकत होतो. "आदरणीय सभाजन, मी मिठागराचा मुलगा." इथून सुरुवात करायची ठरवली होती.

सुरुवात सरांनी केली.

"आमच्या प्रयोगशाळेत गेली दोन वर्षं आम्ही एका समस्येवर काम करतो आहोत." मला वाटलं, प्रस्तावना आहे. मी बाटल्या धरून उभा. सर बोलत राहिले. माझी लाकडं, माझी मडकी, माझे पौषातले खडे. सगळं त्यांच्या तोंडून, शुद्ध भाषेत. कढईचं माझं चित्र मोठ्या कागदावर शाईनं काढलेलं. सर "ती तिसरी दे" म्हणाले की मी तिसरी बाटली द्यायची. बाटली टेबलावर ठेवताना टाइप केलेला अहवाल दिसला. पहिल्या पानावर दोन नावं. एक सरांचं, एक पुतण्याचं.

मी परत वाचलं. दोनच.

शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तरसाहेब, हा छोकरा कोण?"

"आपल्याच आगरावरचा. पाणी वगैरे आणायला फार उपयोगी पडला."

"अच्छा, त्या जाणत्याचा पोरगा काय रे तू?" शेठ खूश झाले. "तुमचे लोक म्हणे चाखून पाणी ओळखतात. जरा चाखून दाखव ना. बघू दे साहेबलोकांना."

मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "दाखव, दाखव. काही अपाय नाही त्यात."

मी बाटली उघडली. बोट नाही बुडवलं. घोट घेतला. कडू पाणी घशाला लागलं, डोळ्यांत पाणी आलं, तोंड वाकडं झालं. सगळे हसले. गिरणीवाला म्हणाला, "माल अस्सल आहे!" पुन्हा हसले. सरही हसले.

आणि मीही हसलो.

हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज याची वाटते. नाव चोरलं याची नाही. फाटकाशी आई जशी हसली होती, तसाच मी हसलो. कॉलेजची चार वर्षं, अंगात कोट, आणि हसू तेच.

बाहेर पायरीवर मी सरांना गाठलं.

"सर, माझं नाव नाही त्यात."

"अरे, तू अजून विद्यार्थी आहेस. नावाला वजन लागतं. तुझ्या नावावर कोण भांडवल देणार? विचार कर."

"मग नुसतं लिहायचं तरी."

"हे बघ बाळ, विज्ञान कोणा एकाचं नसतं."

"मग नावं दोघांचीच कशी?"

सरांनी मागं वळून दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझी प्रॅक्टिकल अजून व्हायचीय. उगाच डोकं फिरवून घेऊ नकोस."

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते प्रेमानं म्हणाले. खांद्यावर हात ठेवून.

मी गप्प बसलो. प्रॅक्टिकल दिली. पदवी घेतली. भित्रा म्हणा हवं तर. पदवी आईनं मागितली होती, तिच्या हातातून ती काढून घ्यायचा हक्क सरांना नव्हता. वही मी तीनदा मागितली. पहिल्यांदा म्हणाले घरी आहे, दुसऱ्यांदा म्हणाले पुतण्याकडं आहे, तिसऱ्यांदा मला ओळख दिली नाही.

पुढच्या हंगामात आमच्याच बांधावर शेठचा कारखाना उभा राहिला. पत्र्याची शेड, मोठ्या कढया, धुराडं. पुतण्या व्यवस्थापक. मला चिठ्ठी आली, पाण्यावरचा मुकादम म्हणून ये. बा खूश झाला. "सावलीतलं काम हाय," म्हणाला. मी गेलो नाही. मामाच्या ओळखीनं मुंबईत एका रंगाच्या कारखान्यात लागलो.

कारखाना चालेना. पुतण्या नळी बुडवून आकडा बघायचा, पाणी उचलायचा. कढईत मीठच धरायचं, तेही काळं. गाड्या भरून लाकूड जळालं. होळीला मी घरी आलो होतो तेव्हा सर स्वतः बांधावर आले. सोबत पुतण्या, मुनीम आणि मिठागरावरची निम्मी माणसं मागं. पुतण्याच्या हातात माझी वही.

सर बाला म्हणाले, "बाबा, तुमची ती जुनी पद्धत होती ना पाणी ओळखायची? जरा दाखवा आमच्या माणसाला."

मी पुढं होऊन वही घेतली. कोणी अडवलं नाही. 'बांची परीक्षा' लिहिलेलं पान काढलं. पानावर लाल शाईची मोठी फुली होती. बाजूला सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: गावठी समजूत, वगळावे.

मी ते मोठ्यानं वाचलं. बाला वाचता येत नव्हतं.

 त्याचा पेच मला कळत होता. बांधावर आलेल्याला पाणी सांगायचं नाही, हे त्याच्या आयुष्यात कधी घडलेलं नव्हतं. शिवाय मिठागर शेठचं. नाही म्हटलं तर उद्या पाय ठेवायला जागा नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता वाकणार आणि ओंजळीत पाणी घेणार.

"बा, नको," मी म्हणालो. "आता नको."

मुनीम ओरडला, "ए शिकलेल्या! आगर शेठचं, पाणी शेठचं. तू कोण नको म्हणणारा?"

"पाणी शेठचं. घेऊन जा ना. कोणी धरलंय?"

तेव्हा बा बोलला. आवाज चढवला नाही. सरांकडे बघूनच बोलला.

"मास्तर, तुमी आलात तवा मी न इचारता सांगितलं. तुमी हात मागं घेतलात. पोरानं लिवलं, तुमी खोडलंत. मंग आता खोडलेलं कशाला इचारता?"

सर म्हणाले, "अहो बाबा, गैरसमज होतोय."

"व्हय," बा म्हणाला. "माजाच व्हता."

मुनिमानं मागच्या माणसांना विचारलं. कोणाला येतं हे? बांधावर पंधरा-वीस जण होते. निम्म्यांना येत होतं. एकेकानं बाकडे पाहिलं आणि म्हणाला, आमाला न्हाय म्हाईत.

मी वही सदऱ्यात घातली. पुतण्या "ती आमची आहे" म्हणाला. मी पहिलं पान उघडून त्याच्यापुढं धरलं. अक्षर माझं होतं. त्यानं हात खाली घेतला.

आठवडा संपायच्या आत बाला मिठागरावरून काढलं. जे गप्प राहिले त्यांतल्या दहा घरांनाही. हे दोष माझ्यावर घेऊनच सांगायला हवं. माझ्या एका 'नको'नं अकरा चुली विझायला आल्या. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. बानं मरेपर्यंत दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारलं. दोन वर्षांनी त्याच होडीवर गेला. मरताना त्याला काही मिळालेलं नव्हतं. गावात मला तोंडावर म्हणणारे होते, "साल्या, तुजी वही वाचली, आमचं पोट गेलं." त्यांचं चूक नव्हतं.

नंतर सर दोनदा भेटले. एकदा धक्क्यावर, एकदा एका लग्नात. दोन्ही वेळा त्यांनी खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मी बाजूला झालो. त्यांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. मुनिमाचा मला तितका राग नाही. तो पहिल्यापासून मुनीमच होता. सर आधी माझे झाले आणि मग त्यांनी मला विकलं.

मी नोकरी सोडून गावी आलो. काढलेली तीच अकरा घरं, गावाबाहेरचं सरकारी खाजण, म्हणजे भरतीचं पाणी चढणारी पडीक जमीन, आणि एक अर्ज. कुलाबा जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या आम्ही इतक्या झिजवल्या की तिथला पट्टेवाला आमच्या नावानं विनोद करायचा. शेवटी खाजणाचा भाडेपट्टा मिळाला. बांध आम्ही हातांनी घातला. भरतीनं तो एकदा फोडला, पुन्हा घातला. बाजूला कढया मांडून आमचा छोटा कारखाना उभा केला. पाणी ओळखायला बायका आणि पुरुष दोघंही आहेत. माझी नळीही आहे. दोन्हींचा मेळ बसला तरच पाणी उचलायचं, हा नियम मी केला. कागद लिहिला की त्यावर ज्याचं ज्ञान त्याचं नाव, हाही नियम केला. कोणी मोडला तर आमच्यातून बाहेर, मग तो मी का असेना.

शेठची शेड गंजून पडली.

आमची सहकारी संस्था नोंदली गेली. सलग तीन हंगाम आमच्या ढेपा मुंबईच्या गिरणीत तपासून पास झाल्या आहेत. कारखान्याचे मालक अकरा घरं आहेत. रसायन मी बघतो.